भिंगरीचा केक कोण करणार

६ मे

सुतळे,

भिंगरी सुखरूप पोचली, असा तुझा निरोप काल यांच्या फोनवर आला. माझ्या फोनवर नाही. पोर मी जन्माला घातली आणि पोचल्याचा निरोप नवऱ्याला. असू दे. तीन वर्षं आपण एकमेकींशी बोललो नाही, त्यात एका निरोपाचं काय घेऊन बसायचं.

पत्र आलं म्हणून दचकू नकोस. फोनवर माझा आवाज चढतो आणि तू फोन ठेवतेस, हे आपलं ठरलेलं आहे. पत्र काही मध्येच ठेवता येत नाही. फार तर फाडशील. फाड, पण आधी वाच, यात पोरीच्या कामाचं आहे.

तिला तुझ्याकडे पाठवायचं मी ठरवलेलं नाही, हे पहिल्यांदा कळू दे. वर्षभर तिचं पोट बिघडलेलं होतं. खाल्लं की फुगायचं. शाळेतून यायची ती थेट आडवी व्हायची. घरभर गरागरा फिरते म्हणून जिला भिंगरी नाव पडलं, ती पोर जिना चढताना मध्येच पायरीवर बसायला लागली. मला वाटलं अशक्तपणा आहे, म्हणून मी तिला आणखी खाऊ घातलं. भट्टीतून निघालेला पहिला पाव, वर लोण्याचा गोळा. शेवटी पोटाच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, नळी घालून आतून बघितलं आणि सिलिअ‍ॅक म्हणाल्या. गव्हातलं ग्लूटेन हिच्या आतड्याला सोसत नाही, गहू जन्मभर बंद. घरात आणखी कुणाला आहे का, असंही त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. हे म्हणाले, आहे की, पोरीच्या मावशीला, म्हणजे तुला. तेव्हा मी यांच्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती ते लवकर विसरणार नाहीत.

त्याच संध्याकाळी यांनी तुला फोन केला. पावाच्या गाडीत बसून, मला न सांगता. आम्ही राहतो बेकरीच्या डोक्यावर, खाली मैदा उडतो तो जिन्यानं वर येतो, तुला काय सांगायचं. घर धुऊन घेईपर्यंत सुट्टीत पोरगी मावशीकडे राहू दे, असं तुम्ही दोघांनी परस्पर ठरवलंत. मी फक्त तिची पिशवी भरली.

आता तू म्हणशील, ताईला एवढं काय लागलं. तीन वर्षांपूर्वी रेडिओवरच्या त्या बाईला तू काय सांगितलंस ते मी विसरलेले नाही. "माझं लहानपण बेकरीत गेलं आणि त्या पावानंच मला आजारी पाडलं." दुसऱ्या दिवशी काउंटरवर गिऱ्हाईक मला विचारतंय, पावात काही घालता का हो तुम्ही. बाबांच्या पावात. तुझं नाव झालं, तुझ्या त्या गहू नसलेल्या खानावळीपुढे गर्दी झाली, रोजच्या खाण्यानं तब्येत कशी राखावी यावर तू भाषणं द्यायला लागलीस, आणि मी इथे बसून लोकांना सांगतेय की नाही हो, मैदा, पाणी, मीठ नि खमीर, दुसरं काही नाही.

कामाचं सांगते. भिंगरीला दुधावरची साय चालत नाही, गाळून दे. अंधारात तिला एकटीला झोप येत नाही, कुणाचा तरी हात धरून झोपते. तर धर तिचा हात. पण फार सवय लावू नकोस.

आणि नऊ जुलैला तिचा वाढदिवस. तिचा केक दरवर्षी मी करते. ती स्टुलावर उभी राहून अंडी फोडते, अर्धी टरफलं आत पाडते, मी ती काढत बसते. सगळी गल्ली केक खायला येते. यंदाचा केकही मीच करणार आहे, गहू असो वा नसो. त्याच्या आत पोरगी मला घरी हवी.

ताई

१९ मे

सुतळे,

फोटो मिळाला. भिंगरीचे गाल भरलेले बघून आनंद झाला.

आनंद झाला असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खरं सांगायचं तर फोटो बघितला आणि माझा जीव जळला. तुझा एप्रन घालून, तुझ्या ओट्याशी, तुझ्यासारखी मान वाकडी करून उभी आहे. वर्षभर मी त्या पोरीच्या तोंडाकडे बघत होते की कधी हसते, आणि ती हसली तुझ्या घरी. मी फोन घेऊन खाली गेले आणि भट्टीपुढे उभी राहिले. भट्टीवाले काका म्हणाले, "पोरगी सुधारली, मग तुझं तोंड का उतरलंय?" मी म्हटलं, आच लागतेय. ते फावडं आत सारत म्हणाले, "भट्टी अजून पेटलेली नाही." काका बाबांच्या वेळचे आहेत, मला फ्रॉकमध्ये पाहिलेलं आहे. त्यांच्यापुढे माझं काही चालत नाही.

फोनवर तिचं एकच चाललेलं असतं, मावशी म्हणते. मावशी म्हणते ताटात रंग हवेत. मावशी म्हणते हळू चावलं की झोप चांगली लागते. मावशी म्हणते पोटाला विचारून खावं. मी म्हटलं, पोट काय बोलतं का? तर म्हणाली, "माझं बोलतं. आता ते गप्प असतं, म्हणजे बरं असतं." हेच मी सांगितलं असतं तर तिनं ऐकलं असतं का? मी जन्मभर सांगतेय की नीट चावून खा, तेव्हा ती कटकट होती. तू म्हणालीस की ते ज्ञान झालं.

आणि हे शाळेचं काय काढलं आहेस? तिला तुझ्या घराजवळची शाळा दाखवून आणलीस, तिला आवडली, वर्षभर इथे राहिली तरी चालेल. मी तिला सुट्टीला पाठवलीय, दत्तक दिलेली नाही. यापुढे मी एक वाक्य लिहून खोडलंय. पण खोडलेलं तू उजेडात धरून वाचशीलच, लहानपणापासून तुझी ती सवय आहे, म्हणून सरळच लिहिते. तुला स्वतःचं मूल नाही म्हणून माझं घेऊ नकोस. लिहिलं. आता मला बरं वाटायला हवं होतं, तसं काही वाटत नाही.

तू आजारी पडायचीस ना, तेव्हा आई तुझ्या उशाशी असायची. काडीसारखी होतीस, म्हणून तर बाबांनी तुला सुतळी नाव ठेवलं. तुला मऊ भात, वर तूप, आईच्या हातानं घास. मी खाली बाबांबरोबर साचे पुसायचे आणि कालचा पाव खायचे. मला कुणी भरवायचं नाही, मी धडधाकट ना. मी आरशापुढे उभी राहून गाल आत ओढून बघायचे, आपण आजारी दिसतो का. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आई तेव्हा तुझी होती, आता पोरगीही तुझ्याच ताटात जेवते.

एक गोष्ट मात्र माझ्याकडे आहे. बाबांनी खमिराची बरणी मला दिली. त्यांनी ते खमीर लावलं तेव्हा आपण दोघी जन्मलोही नव्हतो. रोज त्यातलं काढायचं, रोज त्याला मूठभर मैदा नि पाणी घालायचं, आणि ते जिवंत राहतं. आपल्या पावाची चव त्या बरणीत आहे, असं बाबा म्हणायचे. तुझ्याकडे नाव आहे, गर्दी आहे, रेडिओ आहे. बरणी माझ्याकडे आहे.

रविवारच्या बसमध्ये भिंगरीला बसवून दे. हे स्टँडवर उभे राहतील.

ताई

११ जून

सुतळे,

भिंगरी आली. डबे आणि पाकिटंही आली, तुझ्या चिठ्ठ्या चिकटवलेली. वाचल्या. हा चमचा वेगळा ठेव, ही चाळणी दुसऱ्या पिठाला लावू नकोस. मला पीठ चाळायला शिकवतेस, ठीक आहे.

वरचं स्वयंपाकघर मी घासूनपुसून घेतलंय. भिंतीसुद्धा. नवी पातेली, नवं लाटणं, नवा छोटा ओव्हन, जिन्याच्या तोंडाशी जाड पडदा. यांनी बघून म्हटलं की लग्नात एवढी खरेदी केली नव्हती.

पण ऐक, पहिल्या दिवशी काय झालं. स्टँडवरून ती घरी आली, मी खालून धावत वर आले आणि हात पसरले. ती अर्धं पाऊल मागे सरली. "आई, आधी हात धू ना." पूर्वी ही पोर माझे हात ओढून नाकाला लावायची. म्हणायची, आईला पावाचा वास येतो. शाळेत जाताना हुंगून जायची. मी हात धुतले, कपडे बदलले, मग ती आली नि बिलगली. मला माहीत आहे की तिचं बरोबर आहे. पण ते अर्धं पाऊल तू शिकवलंस, आणि त्यासाठी मी तुझ्यावर किती चिडले हे लिहायला हा कागद पुरणार नाही.

मग मी पाव करायला घेतला. तांदळाचं पीठ, मक्याचं पीठ, बटाट्याचं सत्त्व. दुकानातलं यीस्ट. पहिला पाव निघाला तो मी खाली नेऊन काकांना दाखवला. त्यांनी तो काउंटरवर ठोकून बघितला आणि म्हणाले, "पोरी, बाबांनी पावाची भट्टी काढली होती, विटांची नाही." दुसरा आतून चिखल झाला. तिसरा कापताना रवाळ होऊन सगळा ताटात सांडला. भिंगरीनं तिन्ही खाल्ले, घासागणिक पाणी पीत. "छान आहे," म्हणाली. आणि थोड्या वेळानं हळूच विचारलं, मावशीच्या डब्यातलं काही उरलंय का.

मी वीस वर्षं पाव करतेय, सुतळे. सकाळी माझ्या दुकानापुढे रांग लागते. शिंपी, मास्तर, पोस्टातला कारकून, सगळ्यांची पोरं माझ्या पावावर वाढली. आणि माझी स्वतःची पोर तुझ्या डब्याचा तळ चमच्यानं खरवडत होती. मी दारात उभी राहून तो आवाज ऐकला. त्या आवाजानं माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रागावणार कुणावर, तिच्यावर? डबा घासून पालथा घातला आणि पुन्हा पीठ काढलं.

आता मुख्य बातमी. सोमवारी पाव जमला. असा जमला की मलाच खरं वाटेना. फुगला, आत जाळी पडली, सुरी लावली तर कडा तडकल्याचा आवाज आला. भिंगरीनं पहिला तुकडा तोंडात घातला, डोळे मिटले आणि म्हणाली, "आई, हा आपल्या घरचा पाव आहे." मी विचारलं, मावशीच्या पावापेक्षा चांगला? तिनं मान डोलावली. दोनदा.

कसा जमला ते विचारू नकोस. तुझ्या भाषणांत ते नसणार आणि तुझ्याकडे ते असणारही नाही. आपल्या घरची चव कुठे असते ते तुला माहीत आहे, एवढंच सांगते. आता रोज पहाटे खालचं काम लावून झालं की अंघोळ करून वर येते आणि तिचा पाव करते. ती रोज खाते. तुझा डबा संपलाय, नवा पाठवायची गरज नाही.

केकही असाच करणार. वाढदिवसाला फोटो पाठवीन.

ताई

२४ जून

सुतळे,

भिंगरी आजारी आहे. पोट पुन्हा फुगलंय, जे खाल्लं ते राहत नाही. शाळा सुरू होऊन पुरते पंधरा दिवस झाले नाहीत आणि ती घरी पडून आहे. चेहरा मागच्या वर्षीसारखा झालाय. तुझ्या फोटोतले ते गाल कुठे गेले कुणास ठाऊक.

हे तुझ्या पाकिटांचं काम आहे, मी स्पष्टच बोलते. ते ओट्सचं पाकीट, ती सूर्यफुलाच्या बियांची पिशवी. वर मोठ्या अक्षरांत ग्लूटेन नाही म्हणून छापतात आणि गव्हाच्याच कारखान्यात भरतात, दुसरं काय असणार. तू तपासून पाठवायला हवं होतंस. तुझी सगळी पाकिटं मी बाहेर टाकली. लोकांना अन्नातून आरोग्य शिकवणारी बाई, आणि घरच्या पोरीला असलं पाठवते.

डॉक्टरीणबाईंनी सगळं विचारलं. म्हणाल्या, कुठून तरी तिच्या पोटात गहू जातोय, शोधा. मी घर पुन्हा धुतलं. जिन्यावरचा पडदा उकळून घेतला. आता तिला बाहेरचं काहीसुद्धा देत नाही. फक्त भाज्यांचं सूप, भात आणि माझ्या हातचा ताजा पाव. तो तरी ती दोन घास खाते. नको म्हणाली तरी मी शेजारी बसून भरवते, अंगात ताकद यायला हवी ना.

काल ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. म्हणाली, "आई, मावशीकडे मला असं कधी झालं नाही. मी थोडे दिवस जाऊ का?" मी नाही म्हटलं. तिनं पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं. तिनं हट्ट केला असता तर मला सोपं गेलं असतं.

हे म्हणतात, पाठवू या, शाळेचं वर्ष तिकडेच होऊ दे. मी यांना सांगितलं, वाढदिवसापर्यंत थांबा. पोरगी मी बरी करून दाखवीन. नाही झाली तर मी स्वतः तिला तुझ्या दारात आणून सोडीन. हे मी लिहून दिलंय, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

पाकिटांचं उत्तर दे. यांना नाही, मला.

ताई

२८ जून

सुतळे,

तुझा निरोप आला. माझ्या फोनवर आला. मी काउंटरवर होते, हातात मास्तरांचा पाव होता.

"ताई, बरणीतलं घातलंस का?"

एवढंच. ना पाकिटांबद्दल एक शब्द, ना तुझं खरंखोटं. मास्तर पैसे पुढे करून उभे होते. मग पाव तसाच त्यांच्या हातात दिला आणि आत गेले. पिठाच्या पोत्यावर बसले.

हो, घातलं. एक चमचा. रोज.

मी फुशारकी मारत तुला लिहिलं नसतं तर तुला कळलं नसतं, आणि तुला कळलं नसतं तर मी आजही घातलं असतं. हे डोक्यातून जात नाही.

तुला हसू येईल कदाचित, किंवा तू मला मूर्ख म्हणशील, पण मला खरंच बरणीत मैदा दिसला नाही गं. रोज मीच त्यात मूठ मूठ मैदा घालते आणि मला तो दिसला नाही. बरणीत गेलं की ते खमीर. आंबट वास, बुडबुडे, झाकण उघडलं की फुस्स आवाज. आपल्यात त्याला कुणी कधी पीठ म्हटलंय का? मी तशीच उठून काकांना विचारलं, बरणीत काय असतं? म्हणाले, "खमीर असतं, आणखी काय." मी म्हटलं, आणि खमिरात? त्यांनी बरणीचं झाकण उघडून आत बघितलं. मग टोपी काढून हातात घेतली. जन्म भट्टीवर गेलेला माणूस, त्यांनाही ते तेव्हाच सुचलं.

पण तुझ्याशी खोटं बोलून आता काय मिळणार. मनात काहीच आलं नव्हतं असं नाही. पहिल्या सोमवारी चमचा बरणीत बुडवताना माझा हात थांबला होता. क्षणभर थांबला. मग ती डबा खरवडत होती तो आवाज आठवला आणि हात पुढे गेला. तिच्या तोंडात मला माझी चव हवी होती. तुझी पुसून माझी. पोरगी बरी व्हावी हे मला हवंच होतं, पण ती तुझ्या हातून बरी झाली हे मला बघवत नव्हतं. एवढी मी तुझ्यावर जळले, सुतळे. स्वतःच्या पोरीचं पोट मध्ये आलं तरी मला ते दिसलं नाही.

भिंगरीला मी सांगितलं. सांगावंच लागलं, कारण ती आपणहून म्हणाली, "आई, माझ्यामुळे झालं का? शाळेत मी मैत्रिणीच्या डब्याला हात लावला होता. खाल्लं नाही, फक्त झाकण उघडून दिलं. पण नंतर हात धुवायचे राहिले." इतके दिवस ही पोर ते मनात घेऊन भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी म्हटलं, नाही गं, माझ्यामुळे झालं. पावात मीच घातलं. तिनं विचारलं, का? मी म्हटलं, मावशीच्या पावापेक्षा माझा चांगला व्हावा म्हणून.

ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "चव आपल्या घरची होती ते खरं होतं. पण मावशीपेक्षा चांगला म्हणून मान हलवली ना, ती तू तशी बघत होतीस म्हणून."

पाव बंद केलाय. पाकिटं तू चांगलीच दिली होतीस.

ताई

५ जुलै

सुतळे,

भिंगरी उठून बसायला लागली. काल जिना उतरली, खालच्या पायरीवर मात्र टेकली. डॉक्टरीणबाई म्हणतात, आतडं भरून यायला वेळ लागेल, पण येईल. माझ्याकडे बघून बोलल्या, म्हणून मी मान खाली घातली. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिला घेऊन बसमध्ये बसायची माझी तयारी होती. मी शब्द दिला होता. पिशवी भरली, तुझे डबे घासून ठेवले, आणि तिला म्हटलं, चल, मावशीकडे. तर तिनं विचारलं, "तू पण राहणार आहेस का तिथे?" मी म्हटलं, मी कशी राहीन, बेकरी कोण बघणार. ती म्हणाली, "मग मला इथेच ठेव, फक्त पाव नको." इतकं साधं होतं ते. मी उगाच महिनाभर पावाच्या मागे लागले होते. तिला पाव नकोच होता, तो मलाच हवा होता.

आता कसं केलंय ते सांगते, तू खोड काढशीलच. बेकरीच्या वर राहणं बंद. समोरच्या शिंप्याच्या माडीवरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. तिथे सुताचे धागे उडतात, मैदा उडत नाही. बेकरीच्या मागच्या मोरीत मी अंघोळ करते, डोक्यावरून, कपडे तिथेच सोडते, दुसरे घालते आणि मग रस्ता ओलांडते. ओल्या केसांनी रोज दुपारी रस्ता ओलांडणारी बाई बघून पोस्टातल्या कारकुनानं यांना विचारलं, वहिनी नवस बोलल्या आहेत का. हे म्हणाले, हो, मोठा आहे. बरणी खालीच आहे, तिला रोज मैदा घालते. गिऱ्हाइकांचा पाव आहे तो, त्यांनी काय पाप केलंय. पण माडीवर यायला निघताना मी तिच्याकडे बघत नाही.

घरात भात, बटाटे, अंडी, दही, भाज्या. तू म्हणतेस तसे ताटात रंग ठेवते. मी काही कुठे भाषण देणार नाही, पण मलाही हल्ली दुपारी जड वाटत नाही, हे तू कुणाला सांगू नकोस.

पहिल्या दिवशी मी माडीवर गेले तेव्हा ती अंथरुणात बसली होती. मागे सरली नाही. माझा हात घेतला, जुन्या सवयीनं नाकाला लावला आणि म्हणाली, "आज तुझ्या हाताला कसलाच वास नाही." मग तो हात तसाच गालाखाली घेऊन झोपली. मी बसून राहिले, हाताला मुंग्या आल्या तरी काढला नाही. मला बरं वाटलं की वाईट, ते अजून ठरवता आलेलं नाही. तिला झोप लागल्यावर मी स्वतःचा दुसरा हात हुंगून बघितला. खरंच काही नव्हतं, नुसता साबण.

तुझ्याकडे असताना ती तुझा हात धरून झोपायची का, हे विचारणार होते. नको सांगूस. माझं मन अजून तेवढं मोठं झालेलं नाही आणि होईल असं दिसत नाही. तुझं नाव तिच्या तोंडी आलं की अजूनही आत चरचरतं. काल मी तुझ्यासारखं सूप केलं, ती म्हणाली मावशीच्या सुपात आलं जास्त असतं, आणि मी पळी अशी आपटली की शिंपी खालून विचारायला आला. पण मग आलं किसून घातलं.

आता केक. गुरुवारी नऊ तारीख. मी ओव्हनपुढे उभी राहून खूप विचार केला. मला जमेल, एवढ्या वर्षांची बेकरीवाली आहे मी, आज ना उद्या जमेलच. पण यंदा मी त्यात हात घातला तर पुन्हा तुझ्याशी शर्यत लावीन, मला माझा स्वभाव माहीत आहे. म्हणून यंदाचा केक तू कर. डब्यात घालून पाठवू नकोस, इथे येऊन कर. बुधवारच्या बसनं निघ, मी स्वतः स्टँडवर येईन, यांना पाठवणार नाही. अंडी तेवढी भिंगरी फोडेल, स्टूल मी माडीवर आणून ठेवलंय. टरफलं तू काढ.

गल्ली जमेल. कुणीतरी विचारेलच, केक कुणी केला. मी सगळ्यांसमोर सांगेन, हिच्या मावशीनं केला. ते सांगताना माझं तोंड कसं होतं ते बघायला तरी ये.

पहिला घास मात्र मी भरवणार. एवढं माझं राहू दे. हात धुऊन येईन, हवं तर हुंगून बघ.

ताई